आंधळ्याचे भारूड आणि शुद्ध प्रत

दौलताबादच्या किल्ल्याशी जनार्दनस्वामींचे नाव कायमचे जोडले गेले आहे. निजामशाहीच्या काळात हा सत्पुरुष त्या गडाचा किल्लेदार होता, आणि पैठणहून आलेला एकनाथ नावाचा मुलगा त्यांच्यापाशी राहून शिकला व हिशेबाचे कामही पाहू लागला. एका रात्री जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. ती पै शोधण्यासाठी नाथ दिवा लावून बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी पिटली, ही आख्यायिका महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ‘एका जनार्दनी’ ही नाथांची नाममुद्रा याच गडावरच्या सहवासातून आलेली आहे.

या नाममुद्रेच्या धन्याने केलेली दोन कामे आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. एक म्हणजे त्यांचे ‘आंधळा’ हे भारूड. दुसरे म्हणजे शके १५०६, अर्थात इ.स. १५८४ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत. ज्यांना छापील अक्षर डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करावीत, ब्रेलमध्ये उतरवावीत, संगणकावर चढवावीत, अशी हौस अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळींत दिसू लागली आहे. हौस चांगली आहे. परंतु या कामाकडे साहित्याचे काम म्हणून कोणी पाहत नाही. सगळे त्याकडे दयेचे काम म्हणून पाहतात. नाथांच्या या दोन कृती शेजारी शेजारी ठेवल्या की दोन दृष्टींतील अंतर स्पष्ट होते, असे आम्हांस वाटते.

प्रथम भारुडाविषयी. नाथांनी आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशा सोंगांच्या नावांनी भारुडे रचली. ‘आंधळा’ या भारुडातील पात्र रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या परोपकारी जनांना हाक घालते. आपण पूर्वजन्मी पाप केले, विषयसुखाच्या मागे लागलो, त्यामुळे ज्ञानदृष्टी हरपली आणि दोन्ही डोळे गेले, असे ते सांगते. अर्थात हे रूपक आहे. नाथांचा आंधळा म्हणजे संसारात गुरफटलेला प्रत्येक डोळस माणूस. भारूड सादर करणारा सोंगाड्याही डोळसच असतो; तो डोळे मिटून काठी टेकीत येतो आणि खेळ संपला की डोळे उघडून घरी जातो. श्रोत्यांनी स्वतःला त्या आंधळ्याच्या जागी पाहावे अशी कवीची अपेक्षा आहे, आणि लोकशिक्षण म्हणून ही रचना फार समर्थ आहे यात शंका नाही. चारशे वर्षे ती खेड्यापाड्यांत टिकली, ती उगाच नव्हे.

तरीही एक प्रश्न उरतो. त्या जत्रेत कोपऱ्यात बसलेला, खरोखरच दृष्टी नसलेला श्रोता या भारुडातून काय ऐकतो? त्याच्यासाठी ते रूपक राहत नाही. तुझे डोळे तुझ्या पापाने गेले, एवढेच त्याच्या कानी पडते. रूपकाचे ओझे नेहमी ज्याच्या शरीरातून ते रूपक घेतले त्याच्या खांद्यावर पडते, आणि कवीला त्याची दाद नसते.

हा दोष एकट्या नाथांचा नाही, आणि तो दुसऱ्यांच्या अंगणात दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभू येशूचे शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून अगदी हाच प्रश्न विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय फेटाळतो. एवढे स्पष्ट उत्तर मिळूनही आमच्या प्रवचनांतून, भक्तिगीतांतून आणि या त्रैमासिकासारख्या पानांतून ‘अंध’ हा शब्द ‘अश्रद्ध’ या अर्थी वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. ‘अंधश्रद्धा’, ‘अंधानुकरण’, ‘डोळे असून आंधळा’ हे शब्दप्रयोग तर आपल्या भाषेच्या रक्तात भिनले आहेत. ते सगळे उपटून टाका असे आम्ही म्हणत नाही. भाषा अशी धुऊन निघत नसते. पण अंध वाचकांसाठी काम करू पाहणाऱ्याने आपल्या निवेदनाचे शीर्षक ‘अंधारातून प्रकाशाकडे’ असे ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

दौलताबादच्या किल्ल्यात ‘अंधारी’ म्हणून एक वळणावळणाचा भुयारी मार्ग आहे. शत्रूला चकवण्यासाठी तो खोदला गेला. किल्ला दाखवणाऱ्यांना ही जागा फार प्रिय, कारण तेथे पाहुणे घाबरतात. अंधांविषयी लिहिणाऱ्या लेखकाला हे भुयार म्हणजे आयतीच मिळालेली उपमा वाटेल. आम्हांस मात्र तेथे वेगळेच सुचते. त्या काळोखात भांबावतो तो डोळस माणूस. काठीने आणि हाताने भिंत ओळखण्याची सवय असलेल्याला ते भुयार इतर कोणत्याही वाटेसारखेच. डोळसांची काळोखाची भीती अंधांच्या माथी मारणे, हा आपल्या बहुतेक ‘सेवाभावी’ साहित्याचा पाया आहे.

अंध माणूस हा ज्ञानाच्या दारात उभा असलेला याचक नव्हे, याला ख्रिस्तसभेच्या इतिहासात फार जुना दाखला आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे दिदिमस नावाचा आचार्य होऊन गेला. चार वर्षांचा असताना त्याची दृष्टी गेली. लाकडात कोरलेली अक्षरे बोटांनी चाचपून तो लिपी शिकला असे इतिहासकार सोजोमेन लिहितो. पुढे इतरांकडून वाचून घेऊन आणि ऐकलेले ध्यानात ठेवून तो शास्त्रांत पारंगत झाला. संत जेरोम, ज्याने पवित्र शास्त्र लॅटिनमध्ये आणले, तो या दिदिमसच्या पायाशी बसून शिकला आणि त्याने आपल्या गुरूला ‘द्रष्टा’ असे नाव दिले. पवित्र आत्म्यावरील दिदिमसचा ग्रंथ आज उपलब्ध आहे तो जेरोमने केलेल्या लॅटिन भाषांतरामुळे. मूळ ग्रीक ग्रंथ नाहीसा झाला. दिदिमसच्या काही मतांना पुढे ख्रिस्तसभेने दोषी ठरविले, नकला होणे थांबले आणि त्याचे बरेच लेखन काळाच्या पोटात गेले. १९४१ साली इजिप्तमधील तुरा येथे पपायरसांचा साठा सापडला, तेव्हा त्यातील काही भाग पुन्हा हाती आला. ज्याची नक्कल होत नाही ते पुस्तक मरते, हे या प्रकरणावरून दिसते. मग लेखक डोळस असो वा अंध.

महाराष्ट्रात हीच गोष्ट गुलाबराव महाराजांच्या बाबतीत घडली, सुदैवाने अधिक चांगल्या शेवटासह. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले; १९१५ साली ते निवर्तले. तेवढ्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. हे शक्य झाले, कारण त्यांच्याभोवती वाचून दाखवणारी आणि सांगितलेले उतरवून घेणारी माणसे होती. त्या माणसांची नावे किती जणांना ठाऊक असतील? आज ज्याला आपण स्वयंसेवक म्हणतो तो हाच. अंध वाचकाने जे मागितले तेच त्याने वाचले. स्वतःला आवडलेले, ‘त्यांना बोधपर होईल’ असे वाटलेले त्याने पुढे केले नाही. गुलाबराव महाराजांना वेदान्त हवा होता, पाश्चात्त्य विचारही हवा होता. वाचकांनी त्यांना त्याऐवजी सुविचारसंग्रह ऐकवला असता तर?

आता शुद्ध प्रतीकडे वळू. ज्ञानेश्वरी रचली गेली शके १२१२ मध्ये. नाथांच्या काळापर्यंत तिच्या नकलांच्या नकला होऊन तीनशे वर्षे लोटली होती. लेखनिकांच्या डुलक्या, कीर्तनकारांनी पदरच्या घातलेल्या ओव्या, गाळलेले चरण, जुने शब्द न कळल्याने बदललेले शब्द, असा गाळ साचला होता. नाथांनी प्रती मिळवून ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. शेवटी त्यांनी बजावले की यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, आणि घालणाऱ्याला अमृताच्या ताटात करवंटी ठेवणाऱ्याची उपमा दिली. एवढा मोठा कवी दुसऱ्याच्या ग्रंथात आपला एक शब्दही मिसळत नाही, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या कवित्वाइतकीच मोठी वाटते. गडावर एका पैसाठी जागलेला माणूसच हे काम करू शकतो.

आजचे काम त्याच जातीचे आहे. पुस्तकाचे पान यंत्रावर ठेवले की त्याचे छायाचित्र निघते, आणि संगणक त्या चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करतो. मग पडदा-वाचक नावाची आज्ञावली तो मजकूर मोठ्याने वाचते किंवा ब्रेलमध्ये उतरवून देते. ऐकताना हे सोपे वाटते. पण देवनागरीत घ आणि ध यांच्यात एका गाठीचे अंतर, भ आणि म यांचेही तसेच, थ आणि य शेजारी, ख फुटला की त्याचा ‘रव’ होतो. यंत्र ‘भरण’चे ‘मरण’ करते आणि ‘धन’चे ‘घन’. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला असे म्हणतात आणि शनिवारवाड्यात १७७३ साली एक पेशवा मारला गेला. संगणक दर पानावर असे दहा ‘मा’ करतो, आणि अंध वाचकाला मूळ पान समोर धरून ताडून पाहण्याची सोय नसते. डोळस वाचक मुद्रणदोष ओळखून पुढे जातो. ऐकणारा तो शब्द खराच मानतो किंवा वाक्य तीन-तीनदा ऐकत बसतो. म्हणून प्रत्येक पान मुळाशी ताडून दुरुस्त करणारा माणूस लागतो. या कामात आवाज नाही, सत्कार नाही, छायाचित्र नाही. ते घरी बसून, रात्रीच्या जेवणानंतर, एका पैसाठी करावयाचे आहे.

येथे आमच्या मुद्रकांना आणि प्रकाशकांना दोन शब्द सांगणे भाग आहे. संगणक आल्यावर वीस-पंचवीस वर्षे मराठी पुस्तके आणि नियतकालिके ज्या अक्षरसंचांत जुळवली गेली, त्यांत प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा होता. पानावर ‘प्रभू’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ असतो. पडदा-वाचक तो तसाच वाचतो; ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणला की अडचण सुटते. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लपवून ठेवले; पंथाबाहेरच्या विद्वानांना विसाव्या शतकात त्या उलगडाव्या लागल्या, तेव्हा कुठे मराठीचे आद्य गद्य सर्वांपुढे आले. महानुभावांपाशी निदान कारण होते. त्यांना ग्रंथ जपायचे होते. आमच्या छापखान्यांनी पुस्तके सांकेतिक लिपीत कोंडली ती केवळ बेफिकिरीने. जुन्या अंकांच्या आणि पुस्तकांच्या मूळ धारिका ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या युनिकोडमध्ये बदलून दिल्या तर स्वयंसेवकांचे निम्मे कष्ट वाचतील.

ध्वनिमुद्रणाविषयी आमचे मत थोडे कडक आहे, आणि ते काहींना रुचणार नाही. रविवारी मिस्सेत पहिले वाचन उत्तम करणारी मंडळी प्रत्येक धर्मग्रामात असतात. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये विधिपूर्वक दिले जाणारे वाचकपद स्त्रियांनाही खुले केले. वेदीवरील वाचनाला एक शिस्त आहे: वाचकाने मजकुराच्या पुढे उभे राहायचे नसते. हीच शिस्त पुस्तक वाचताना सुटते. आवाज थरथरू लागतो, पात्रांची सोंगे निघतात, दुःखाच्या जागी हुंदका आणि पार्श्वभूमीला बासरी येते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांतील विनोद हा विनोद करीत असल्याचे न दाखवता केलेला विनोद आहे. बाई रडण्याच्या प्रसंगीही सरळ बोलतात. तो मजकूर कोणी गहिवरून वाचला की लक्ष्मीबाई नाहीशा होतात आणि वाचणारी व्यक्ती तेवढी उरते. अमृताच्या ताटातील करवंटी ती हीच. अनेक अंध वाचक माणसाच्या अभिनयापेक्षा संगणकाचा कोरडा, वेगाने चालणारा आवाज पसंत करतात, त्याचे कारण हेच असावे. यंत्र मध्ये येत नाही. अर्थ वाचकाने स्वतः लावायचा असतो, आणि तो हक्क त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शिवाय ग्रंथ म्हणजे केवळ सलग मजकूर नव्हे. अध्याय, पृष्ठांक, तळटिपा, नकाशे, संदर्भ हे त्याचे अवयव. शुभवर्तमानातील एखादे वचन शोधणाऱ्याला दोन तासांची फीत ऐकत बसावे लागत असेल, तर त्याच्या हाती पुस्तक दिले असे म्हणता येणार नाही. याच गरजेतून १९९६ साली डेझी नावाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिने बोलक्या पुस्तकांची अशी रचना रूढ केली की ऐकणाऱ्याला अध्यायावरून अध्यायावर, पानावरून पानावर जाता यावे. आमच्याकडील हौशी ध्वनिमुद्रणांत हे बहुधा नसते. एक अखंड फीत, आरंभी वाचणाऱ्याचे नाव, शेवटी आभार.

ब्रेलचे दिवस संगणकामुळे संपले, असे काही सुशिक्षित मंडळी मानतात. आम्हांस ते मान्य नाही. कानाने ऐकणारा शब्दाचे लेखन शिकत नाही; ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक बोटच सांगते. लुई ब्रेल यांची कथा आपल्या वाचकांना ठाऊक असेल, परंतु तीतील एक व्यक्ती सहसा विसरली जाते. पॅरिसजवळच्या कूव्रे गावात १८०९ साली जन्मलेल्या आणि तिसऱ्या वर्षी बापाच्या चर्मकामाच्या हत्याराने डोळा गमावलेल्या या मुलाला प्रथम शिकवले ते गावच्या धर्मगुरूने, फादर जाक पालुई यांनी. पुढे पॅरिसच्या अंधशाळेत बार्बिए यांची बारा टिंबांची लिपी त्याच्या हाती आली. बोटाच्या एका स्पर्शात न मावणारी ती लिपी त्याने सहा टिंबांवर आणली आणि १८२९ साली प्रसिद्ध केली. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे, म्हणून संगीताचीही लिपी त्याने तयार केली. डोळस व्यवस्थापकांना मात्र ही लिपी खपेना, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती. १८४०च्या सुमारास शाळेत तिच्यावर बंदी आली आणि मुले ती चोरून वापरीत राहिली. १८५२ साली ब्रेल मरण पावले. त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने ती स्वीकारली. अंधांना काय सोयीचे हे अंधांनी ठरवायचे, हे डोळसांना पटायला पंचवीस वर्षे लागली.

भारतात १९५१ साली भारती ब्रेल ठरली आणि सर्व भारतीय भाषांना एक संकेत मिळाला. तिच्यात मराठी कशी दिसते हे पाहण्यासारखे आहे. छापील देवनागरीत ‘कि’ची वेलांटी क-च्या आधी येते, जरी उच्चारात इ नंतर येते, ब्रेलमध्ये प्रथम क आणि मग इ, जिभेवर येतात त्याच क्रमाने. बोटांखालची मराठी ही छापील मराठीपेक्षा बोलीला अधिक प्रामाणिक आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मात्र ती जागा फार घेते. छापील एका पानाची ब्रेलची दोन-तीन पाने होतात, आणि जाड कागदामुळे एखादी कादंबरी कपाटाचा कप्पा अडवते. अशा स्थितीत स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ पासून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक काढण्याचे धाडस केले. त्याचे महत्त्व आमच्या दृष्टीने असे की ते वृत्तपत्र होते. राजकारण, समाज, करमणूक या सगळ्या गोष्टी, ज्या शेजारचा माणूस चहा पिताना चाळतो, त्या अंध वाचकाला कोणाच्याही मध्यस्थीविना मिळाल्या. बोधपर पुस्तके देणारे पुष्कळ असतात. शिळे होणारे, उद्या रद्दीत जाणारे वाचन देणारा विरळा. आणि तेच खरे समान वागवणे.

कायद्याची भीती घालणारे लोक या कामात नेहमी भेटतात. ‘प्रकाशक खटला भरील’ असे ते सांगतात. २०१२ पूर्वी त्यात तथ्य होते; दर पुस्तकासाठी परवानगी मागावी लागे आणि पत्राचे उत्तर येत नसे. त्या वर्षी प्रतिलिपी-अधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ५२ मध्ये अपंग वाचकांसाठी सुलभ स्वरूपातील प्रत नफ्याशिवाय तयार करण्यास मुभा मिळाली. २०१०च्या मसुद्यात ही सूट केवळ ब्रेलसारख्या खास स्वरूपांपुरती होती. ज्याला ब्रेल येत नाही त्याने काय करावे, ज्याच्या हातांना पान उलटता येत नाही किंवा ज्याला अक्षरे एकमेकांत मिसळलेली दिसतात त्याने काय करावे, असा प्रश्न विचारला गेला आणि अंतिम कायदा कोणत्याही स्वरूपाला लागू झाला. प्रत केवळ अशाच वाचकांपर्यंत जावी आणि निर्मितीखर्चापलीकडे काही घेऊ नये, एवढी अट आहे. पुढे २०१३ साली माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश २०१४ मध्ये भारत ठरला. केंद्र सरकारचे ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले. आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नोंदवितो: मुंबईत येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी एक साधन-केंद्र उभे राहिले, आणि डॉ. सॅम तारापोरवाला यांच्या नेतृत्वाखाली त्याने पुस्तके सुलभ करण्याबरोबरच या कायद्याच्या दुरुस्तीसाठीही आवाज उठवला. गोणीभर फराळ वाटण्यापेक्षा हे काम अवघड, आणि त्याची छायाचित्रे निघत नाहीत.

राहता राहिला प्रश्न, कोणती पुस्तके? संत मार्कच्या शुभवर्तमानातील बार्तिमय यरीहोच्या वाटेवर ओरडत असतो. जमाव त्याला गप्प बसवतो. प्रभू त्याला जवळ बोलावून विचारतो की तुझ्यासाठी मी काय करावे. आंधळ्याला काय हवे असणार हे उघड असताना हा प्रश्न का विचारला, असे प्रवचनकार विचारतात आणि गहन उत्तरे देतात. आम्हांस साधे उत्तर पुरेसे वाटते: ज्याला द्यायचे त्याला विचारावे. आपल्या धर्मग्रामातील अंध व्यक्तीला कोणी विचारले आहे काय, की तुम्हांला संतचरित्र हवे की रहस्यकथा, की बँकेच्या परीक्षेचे पुस्तक? नाथांच्या भारुडातला आंधळा भिक्षा मागतो. यरीहोचा बार्तिमयही भीकच मागत होता, पण त्याला प्रश्न विचारला गेल्यावर त्याने नाणे मागितले नाही.

आम्हांला कोणी विचारले तर आमची निवड सांगतो, सक्ती नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. या देशाच्या लिपीत छपाई करू द्यावी अशी परवानगी त्यांनी १६०८ मध्ये वरिष्ठांकडे मागितली होती. तसे घडले नाही. १९०७ची मंगळूरची सालढाणा-प्रतही रोमनच. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ते देवनागरीत छापले, म्हणजे केवळ रोमन लिपी न येणाऱ्या मराठी वाचकाला आपले पुराण छापील रूपात हाती येण्यास ३४० वर्षे लागली. पुढे १९९६ मध्ये कारिदाद द्रागो आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फल्काव यांच्या आवृत्त्या आल्या. लिपी बदलली म्हणून वाचक बदलला, ही गोष्ट या एका ग्रंथाने आपल्याला दोनदा दाखवली आहे. आता तिसऱ्या लिपीची, सहा टिंबांची, आणि शुद्ध युनिकोड मजकुराची पाळी.

काम किती आहे तेही सांगून टाकतो. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर आणि दुसऱ्याचे ५९, मिळून ९५; ओव्या अकरा हजारांच्या आसपास. एका कुटुंबाने एक अवस्वर घेतला तर त्याच्या वाट्याला सरासरी सव्वाशेहून थोड्या कमी ओव्या येतात. रोज पाच ओव्या दोघांनी मिळून ताडायच्या, एकाने छापील प्रतीवरून मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, तर महिन्याभरात अवस्वर शुद्ध होतो. दोनच सूचना. जुने शब्द आजच्या मराठीत ‘सुधारू’ नयेत. जेथे अर्थ कळत नाही तेथे शब्द जसाच्या तसा ठेवून बाजूला खूण करावी. आणि शेवटचा वाचक असा असावा, की ज्याला ते बोटांनी किंवा कानांनीच वाचायचे आहे. ज्या ओवीवर तो अडखळेल ती पुन्हा मुळाशी ताडावी.